आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून? अपडेटनंतर रुसलेले टेप ड्राइव्ह आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात टेप बॅकअपबद्दल (म्हणजे सर्व्हरमधला डेटा चुंबकीय फितीवर उतरवून ठेवण्याबद्दल) जाता जाता दोन ओळी लिहिल्या काय आणि पत्रांचा ढीगच आला. मला वाटलेलं टेप आता कोण वापरतंय, सगळं क्लाउडवर गेलं असेल, पण पतसंस्था, स्टुडिओ, कारखाने, कॉलेजं, सगळीकडे कोपऱ्यात एक काळा डबा घरघरतोय असं दिसतंय. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य तेच, "सर्व्हर अपडेट केला आणि टेपचा ड्रायव्हर गेला."

आता ही "ड्रायव्हर गेला" म्हणजे ताप आला म्हणण्यासारखी गोष्ट आहे, कशामुळे आला ते त्यात कळत नाही. टेप ड्राइव्हपासून बॅकअप सॉफ्टवेअरपर्यंत मध्ये चार-पाच जण उभे असतात. आधी केबल, मग सर्व्हरमधलं कार्ड, मग त्या कार्डचा ड्रायव्हर (म्हणजे ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम), मग टेपचा ड्रायव्हर, आणि शेवटी सॉफ्टवेअर. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण आपण सगळे काय करतो, पोहराच बदलत बसतो. सॉफ्टवेअर काढतो, परत टाकतो, रात्रीचे दोन वाजतात. तर पत्रं घेऊ. एक सांगतो, आपल्या अंकात सगळं देवनागरीत छापतात त्यामुळे कमांड मी तोंडाने म्हणतो तशाच लिहिल्यात, टाइप करताना तुम्ही इंग्रजीतच कराल.

प्रश्न : दादा, आमची तालुक्याच्या गावी पतसंस्था आहे. सर्व्हरवर सेंटओएस ७ होतं, त्याचा सपोर्ट संपला म्हणून रॉकी लिनक्स ९ फ्रेश टाकलं. बाकी सगळं झकास, फक्त बाहेरचा एलटीओ-५ (एलटीओ जातीच्या टेपच्या पाचव्या पिढीचा) ड्राइव्ह गायब. ड्राइव्हवर हिरवा लाइट आहे, केबल दोनदा काढून लावली. ड्राइव्हच्या कंपनीकडे लिनक्सचा ड्रायव्हर शोधला तर असं काही दिसतच नाही. ऑडिट तोंडावर आलंय, ड्राइव्ह गेला असं समजून नवीन मागवू का? (सातारा जिल्हा)

थांबा थांबा, चेकवर सही करू नका. ड्राइव्ह गेलाय असं म्हणायला अजून तरी काही कारण दिसत नाही.

पहिलं म्हणजे लिनक्ससाठी टेपचा ड्रायव्हर शोधत फिरायचं नसतं, तो कर्नलमध्येच (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच) असतो, नाव फक्त दोन अक्षरी, एसटी. तो नसला म्हणून ड्राइव्ह दिसत नाही असं फार क्वचित होतं. तुम्ही एलएसस्कझी ही कमांड चालवून बघा. त्यात टेप अशी ओळ आली असती तर गोष्ट वेगळी होती, पण तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून ती येणार नाही असा माझा अंदाज आहे, म्हणजे एसटीपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. त्याच्या आधी कार्ड आहे.

आता एलएसपीसीआय चालवा, पुढे डॅश एनएन आणि डॅश के लावून. भली मोठी यादी येईल, त्यात एलएसआय किंवा ब्रॉडकॉम नावाची, एसएएस लिहिलेली ओळ शोधा. त्या काळात एलटीओ-५ सोबत जी कार्डं सर्रास दिली जायची ती एसएएस२००८ चिपची, उदाहरणार्थ ९२००-८ई. त्या ओळीत चौकटी कंसात १०००:००७२ असा आकडा असेल तर तुमचा चोर सापडला. आणि खात्री करायची तर त्याच्या खालच्या ओळी बघा, बाकीच्या कार्डांखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ असेल, ह्याच्याखाली ती नसेल. बस. कार्ड आहे, मशीनला दिसतंय, पण त्याला चालवायला कोणी बसलेलंच नाही.

का नाही? तर रेड हॅट ह्या कंपनीने आपल्या लिनक्सच्या ८ व्हर्जनपासून (ते २०१९ मध्ये आलं) जुन्या कार्डांची एक मोठी यादी काढून टाकली. काही ड्रायव्हर पूर्णच काढले, जसं की एमपीटीएसएएस, ज्याच्यावर त्याही आधीची १०६८ चिपची कार्डं चालायची. आणि काही ड्रायव्हर ठेवले पण त्यांच्या आतल्या यादीतून जुन्या चिपचे आकडे खोडले. तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर एमपीटी३एसएएस, तो रॉकी ९ मध्ये आहे! मॉडप्रोब केला (म्हणजे हाताने बोलावला) तर निमूटपणे लोडही होईल, एरर पण देणार नाही, आणि तरी कार्ड उठणार नाही. मतदार यादीतून नाव उडतं ना तसं. माणूस धडधाकट आहे, ओळखपत्र खिशात आहे, बूथही तोच, पण यादीत नाव नाही म्हणून परत. रॉकी हे रेड हॅटचंच रूप असल्यामुळे हे सगळं त्याच्यातही जसंच्या तसं आलं. सेंटओएस ७ ३० जून २०२४ ला संपलं आणि सगळ्यांनी त्या सुमारास उड्या मारल्या, म्हणून ही तक्रार एकदम इतक्या जणांची.

रस्ते तीन आहेत. एक, अल्मा लिनक्स, रॉकीच्याच कुळातलं. त्यांनी ९.४ पासून ह्यातले बरेच खोडलेले आकडे परत यादीत घातलेत, एमपीटी३एसएएस त्यात आहे. पण तुमचा सर्व्हर आत्ताच उभा केलाय, परत बदला असं मी सांगणार नाही. दोन, ईएलरेपो नावाची रेपॉझिटरी (पॅकेजांचं कोठार) आहे, तिथून केमॉड-एमपीटी३एसएएस हे पॅकेज टाकायचं, रिबूट करायचं, ड्राइव्ह येतो. फुकट आहे आणि आज संध्याकाळपर्यंत होईल. पण ह्यात दोन मेखा आहेत. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) चालू असेल तर आधी त्यांची की मशीनमध्ये इम्पोर्ट करावी लागते, नाहीतर मॉड्यूल, म्हणजे तो ड्रायव्हर, लोडच होत नाही आणि तुम्ही म्हणाल दादाने सांगितलेलं चाललं नाही. आणि ९.४ वरून ९.५ असं आकडा बदलणारं अपडेट आलं की त्याच्या जोडीचं केमॉड आलंय का बघूनच पुढे जायचं, छोट्या कर्नल अपडेटला सहसा ते टिकतं.

तीन, कार्ड बदलायचं. मला विचाराल तर ऑडिटपुरतं ईएलरेपो आणि नंतर शांतपणे कार्ड. एसएएस२३०८ चिपचं ९२०७-८ई घेतलंत तर त्याचं तोंड तुमच्या आत्ताच्या कार्डासारखंच आहे, एसएफएफ-८०८८, म्हणजे आहे ती केबल बसते, आणि ९ मध्ये ते चालतं. अजून पुढचं बघायचं असेल तर ३००८ चिपचं ९३००-८ई, पण त्याचं तोंड वेगळं आहे, ८६४४, म्हणजे केबलही नवीन. हे दुकानदार सांगत नाही, कार्ड हातात आल्यावर शनिवारी संध्याकाळी कळतं. आणि स्वस्तात मिळतंय म्हणून रेड (आरएआयडी) कार्डाला टेप लावू नका प्लीज, डिस्कसाठी बनवलेली कार्डं टेपशी नीट वागत नाहीत, ड्राइव्ह दिसला तरी मध्येच तोडतात.

जाता जाता, बाहेरचा ड्राइव्ह आधी चालू करायचा, तो स्थिर झाला की मग सर्व्हर. उलटं केलंत तर सगळं बरोबर असूनही ड्राइव्ह दिसत नाही आणि उगाच ड्रायव्हरला शिव्या बसतात.

प्रश्न : आमच्याकडे आयबीएमचा ड्राइव्ह आणि लिनटेप ड्रायव्हर आहे, तीन वर्षं सुरळीत. दिवाळीच्या सुट्टीत लाइट गेली, यूपीएस संपला, सर्व्हर बंद पडला. चालू केल्यावर आयबीएमटेप-झिरो हे डिव्हाइसच नाही. अपडेट वगैरे आम्ही काहीच केलेलं नाही, शपथ. (पुणे)

तुम्ही केलं नसेल हो, मशीनने केलंय. आपोआप अपडेट चालू असणार. रात्री कधीतरी नवीन कर्नल डाउनलोड झाला, डिस्कवर जाऊन बसला, पण चालू सर्व्हर जुन्याच कर्नलवर पळत राहिला कारण रिबूट कोणी केलाच नाही. दीड-दोन महिने. मग लाइट गेली आणि सर्व्हर उठला तो नव्या कर्नलवर. म्हणजे कारण घडलं गणपतीत आणि दुखणं उघड झालं दिवाळीत, मग "काल काय बदललं" ह्या प्रश्नाचं उत्तर "काहीच नाही" असंच येणार. यूनेम डॅश आर चालवा, आत्ता चालू असलेल्या कर्नलचा आकडा येईल, आणि तो आकडा डिस्कवर बसलेल्या कर्नलांच्या यादीशी ताडून बघा, तारखांसकट सगळं कळेल.

एसटी कर्नलसोबत येतो पण लिनटेप हा बाहेरचा, सोर्समधून त्या-त्या कर्नलसाठी बनवलेला. कर्नल बदलला की तो जुन्याच कर्नलच्या फोल्डरमध्ये राहतो, नव्याला त्याचा पत्ताच नसतो.

आज रात्रीचा बॅकअप घ्यायचाय ना? मग आत्ता काही बनवत बसू नका. रिबूट करा, ग्रबच्या (मशीन उठताना येणाऱ्या) मेनूत जुना कर्नल निवडा, ड्राइव्ह दिसेल, बॅकअप घ्या. उद्या चहा पिऊन मग बाकीचं. उद्या काय, तर नव्या कर्नलला जुळणारं कर्नल-डेव्हल पॅकेज टाकायचं (जुळणारं म्हणजे शेवटच्या आकड्यापर्यंत जुळणारं), आणि लिनटेपचं सोर्स पॅकेज परत बिल्ड करायचं. बिल्ड होताना एररचा पाऊस पडला तर बहुतेक तुमचं लिनटेप त्या कर्नलच्या मानाने जुनं आहे, नवीन आवृत्ती घ्या, आणि घेण्याआधी सोबतच्या रीडमीत तुमचं लिनक्स आहे का ते वाचा. बिल्ड नीट झालं पण लोड करताना "रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल" असं आलं तर ते सिक्युअर बूट. मॉड्यूलवर सही करायची, आपली की मॉकयूटिल कमांडने नोंदवायची, रिबूटला निळा स्क्रीन येतो तिथे पासवर्ड देऊन होकार द्यायचा. तो निळा स्क्रीन रिमोटवरून दिसत नाही बरं का, मॉनिटर लावून समोर बसा, किंवा सर्व्हरला रिमोट कन्सोल असेल तर तिथून.

आणि एक गंमत होते ती लक्षात ठेवा. लिनटेप लोड झाला, एरर नाही, तरी आयबीएमटेप-झिरो नाही. कारण त्याच्या आधी एसटीने ड्राइव्ह पकडलेला असतो! एका ड्राइव्हला दोघं मागणी घालत नाहीत, जो आधी पोचला त्याचा. मॉड्यूलची यादी बघा, एसटी आहे का, असेल तर काढा आणि लिनटेप परत लोड करा.

पण खरं विचारू का, तुम्हाला लिनटेप हवंय कशाला? आयबीएमचं स्वतःचं बॅकअप सॉफ्टवेअर वापरत असाल तर ठीक, तिथे लागतं. पण पत्राच्या खाली तुम्ही बॅक्युला हे दुसरंच बॅकअप सॉफ्टवेअर लिहिलंय. बॅक्युला, अमांडा, साधा टार, ह्या सगळ्यांना एसटी पुरतो. तीन वर्षांपूर्वी ज्याने बसवलं त्याने डब्यावर आयबीएम वाचलं आणि आयबीएमचा ड्रायव्हर टाकला असणार. एसटीवर या, कॉन्फिगमध्ये डिव्हाइसचं नाव बदला, एक जुनी टेप वाचून बघा. दर कर्नलला ही कसरत करायची गरज नाही.

प्रश्न : काका, मी एका छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करते. जुन्या सर्व्हरची डिस्क गेली, नवीन सर्व्हरवर उबुंटू टाकलं. ड्राइव्ह दिसतोय, नवीन टेपवर लिहितोय, परत वाचतोय. पण २०१६-१७ च्या टेपा घातल्या की टार म्हणतं "कॅनॉट अलोकेट मेमरी". रॅम ६४ जीबी आहे! अजून वाढवली तर होईल का? का टेपा खराब झाल्या? त्यात आमच्या शंभरेक गाण्यांची ओरिजिनल ट्रॅकं आहेत, मालकांना अजून सांगितलेलं नाही. (दादर, मुंबई)

अगं, सांगू नकोस अजून, टेपा बहुतेक ठणठणीत आहेत. आणि रॅमला हात लावू नकोस, ह्या एररचा रॅमशी काही संबंध नाही, पण मजकूरच असा आहे की भलेभले फसतात.

सगळ्यात आधी प्रत्येक जुन्या टेपच्या कडेला छोटी सरकती खुंटी असते ती लॉककडे सरकव. म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. हे केल्याशिवाय पुढचं वाचू नकोस.

आता काय झालंय. टेपवर डेटा ठोकळ्या-ठोकळ्यांनी लिहिला जातो आणि वाचताना कमीत कमी तेवढंच मोठं भांडं खाली धरावं लागतं. टारचं नेहमीचं भांडं १०,२४० बाइटचं, म्हणजे ५१२ चे २० तुकडे. जुन्या सर्व्हरवर ज्याने बॅकअप बसवला तो हुशार होता, त्याने स्क्रिप्टमध्ये डॅश बी ५१२ लिहिलं असणार, म्हणजे ५१२ गुणिले ५१२, २,६२,१४४ बाइटचा ठोकळा, कारण मोठ्या ठोकळ्याने टेप न अडखळता पळते. ती स्क्रिप्ट गेली डिस्कसोबत. आता तू साधं टार चालवतेस, कर्नल बघतो की येणारा ठोकळा मोठा आणि भांडं लहान, आणि म्हणतो मेमरी कमी आहे. नवीन टेपा चालतात कारण त्या लहान भांड्याने लिहिल्या आणि लहान भांड्यानेच वाचल्या.

ठोकळा किती मोठा आहे ते अंदाजाने ठरवायचं नाही, मोजायचं. एमटी (टेप हाताळायची कमांड) ने स्टेटस बघ, टेप ब्लॉक साइझ झिरो यायला हवा, झिरो म्हणजे "येईल तसा घेईन". दुसरं काही असेल, ५१२ वगैरे, तर सेटबीएलके झिरो कर. उबुंटूवर सेटबीएलके दिल्यावर एमटी "असलं काही माहीत नाही" असं म्हणालं तर घाबरू नकोस, उबुंटूत एमटी नावाचे दोन प्रोग्राम आहेत, सीपीआयओसोबत येणाऱ्याला हे कळत नाही, एमटी-एसटी नावाचं पॅकेज टाक, मग चालेल. मग टेप रिवाइंड कर आणि डीडी ने एकच ठोकळा वाच, बीएस ला एक एमबी दे, काउंट एक, आउटपुट टेंप फोल्डरमधल्या कुठल्याही फाइलला. आणि मग ती फाइल एलएस डॅश एल ने बघ. जेवढी फाइल, तेवढा ठोकळा. २,६२,१४४ आली तर ५१२ ने भाग, ५१२ उत्तर येतं, तोच डॅश बी चा आकडा. टेप परत रिवाइंड, आणि टार टी व्ही एफ ला डॅश बी लावून यादी माग. गाण्यांची नावं सरसर येताना दिसली की मालकांना चहा सांग.

सगळ्या टेपा एकाच आकड्याच्या असतील असं धरू नकोस, दरवेळी मोज. आणि आकडा टेपच्या डबीवर पेनने लिही, पुढच्या सर्व्हरच्या वेळी ज्याच्या डोक्यावर हे पडेल तो तुला दुवा देईल.

अजून एक, डिव्हाइसचं नाव वापरताना एसटी-झिरो नाही, एनएसटी-झिरो. हे मी स्वतःच्या अकलेने शिकलेलो नाही. खूप वर्षांपूर्वी एका छापखान्याच्या ऑफिसात मी पहिला बॅकअप घेतला, मग दुसरा, मग तिसरा, सगळे एसटी-झिरोवर, आणि ऐटीत लेबल लावलं "तीन महिने". एसटी-झिरो काम झालं की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळतं. म्हणजे दुसरा बॅकअप पहिल्याच्या डोक्यावर आणि तिसरा दुसऱ्याच्या. सहा महिन्यांनी फाइल मागायला आले तेव्हा टेपवर एकच महिना होता. त्या ऑफिसातून निघताना चप्पल कुठे काढली होती तेही आठवेना. एनएसटीतला एन म्हणजे नो-रिवाइंड, जिथे थांबलं तिथेच थांबतं.

प्रश्न : विंडोज सर्व्हर २०१६ वरून २०२२ केलं, वरच्या वर अपग्रेड. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "अननोन मीडियम चेंजर" दिसतंय आणि बॅकअप सॉफ्टवेअर लायब्ररी (अनेक टेपा ठेवणारा, आपोआप बदलणारा डबा) ऑफलाइन दाखवतंय. ड्रायव्हर तीनदा टाकला, अननोन काही जात नाही. (नागपूर)

तो अननोन जाणारही नाही, त्याच्या मागे लागू नका. चेंजर म्हणजे टेपा उचलून ठेवणारा तो रोबोटचा हात, त्याच्याशी बरीच बॅकअप सॉफ्टवेअरं थेट बोलतात, त्यांना विंडोजचा ड्रायव्हर नकोच असतो. नाव अननोन असून सगळं बेस्ट चालणारे कितीतरी सर्व्हर मी बघितलेत. काळजी करायची ती पिवळ्या त्रिकोणाची, आणि तीही टेप ड्राइव्हच्या नावापुढे असेल तर. तिथे प्रॉपर्टीजमध्ये कोड नंबर असतो, मला पत्रात तोच हवा होता आणि तोच तुम्ही लिहिला नाहीत! ५२ असेल तर ड्रायव्हरची सही विंडोजला पटलेली नाही, २०१६ च्या सर्व्हरवर कधीतरी टाकलेला जुना ड्रायव्हर तसाच पुढे आलाय, नवीन घ्या. ३९ असेल तर ड्रायव्हरची फाइल लोडच होत नाही, आणि अपग्रेडनंतर त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे मेमरी इंटिग्रिटी हे सेटिंग, जे जुन्या धाटणीच्या ड्रायव्हरना दारातूनच परत पाठवतं. ते सेटिंग बंद करून मोकळं होऊ नका, ड्रायव्हर नवा घ्या.

त्रिकोण नसेलच तर माझा संशय दुसरीकडे आहे. अपग्रेडमध्ये विंडोजने सगळी यंत्रं नव्याने मोजली, तुमच्या बॅकअप सॉफ्टवेअरच्या वहीत मात्र जुनेच ड्राइव्ह लिहिलेत. म्हणून ते ज्याला ऑफलाइन म्हणतंय ते भूत आहे, खरा ड्राइव्ह बाजूलाच नवीन नावाने उभा असेल. बॅकअपच्या सगळ्या सर्व्हिस थांबवा (ह्या चालू ठेवून ड्रायव्हर टाकला की तो अर्धवटच बसतो, तीनदा टाकूनही फरक न पडण्याचं कारण बहुतेक हेच), डिव्हाइस मॅनेजरमध्ये हिडन डिव्हाइस दाखवा, फिकट दिसणारे जुने टेप ड्राइव्ह काढा, ड्रायव्हर एकदाच टाका, रिबूट, मग सर्व्हिस चालू करून सॉफ्टवेअरमध्ये लायब्ररी परत शोधायला सांगा आणि जॉब नव्या ड्राइव्हला जोडा.

आणि समजा ड्राइव्ह दिसतोय पण चेंजर अननोन म्हणूनही दिसत नाहीये, तर मग कार्ड बघा. पुष्कळ छोट्या ऑटोलोडरमध्ये (म्हणजे छोट्या लायब्ररीत) चेंजर हा त्याच ड्राइव्हच्या मागे, त्याच पत्त्यावर, लन १ म्हणून राहतो, म्हणजे एकाच घरात वरच्या मजल्यावर. काही कार्डं फक्त तळमजल्याची बेल वाजवतात आणि निघून जातात.

प्रश्न : जुन्या २००३ सर्व्हरवर एनटीबॅकअपने टेपवर घेतलेलं आहे, नव्या विंडोजमध्ये एनटीबॅकअप कुठे लपवलंय? (कोल्हापूर)

लपवलेलं नाही, काढलंय, सर्व्हर २००८ पासून. त्याच्या जागी जे विंडोज सर्व्हर बॅकअप आलं त्याला टेपवर लिहिताच येत नाही. २००३ चं मशीन अजून उठत असेल तर भंगारात देऊ नका, त्याच्यावरच टेपा वाचून डेटा डिस्कवर काढा आणि तिथून पुढे न्या. ड्रायव्हर शोधण्यापेक्षा हे दोन दिवसांत होतं.

प्रश्न : आमच्याकडे दोन ड्राइव्ह आहेत. अपडेटनंतर रोजचा बॅकअप महिन्याच्या टेपवर गेला! ड्रायव्हरने ड्राइव्ह उलटे केलेत का? (मडगाव, गोवा)

ड्रायव्हरने नाही, रांगेने. एसटी-झिरो आणि एसटी-वन ही नावं ज्याची हजेरी आधी लागली त्याला आधी मिळतात, कर्नल बदलला की हजेरीचा क्रम बदलू शकतो. डेव्ह फोल्डरात टेप, त्याच्या आत बाय-आयडी असं फोल्डर आहे, तिथे प्रत्येक ड्राइव्ह स्वतःच्या सिरियल नंबरने दिसतो, आणि शेवटी एनएसटी लागलेलं नाव म्हणजे न गुंडाळणारं. कॉन्फिगमध्ये ते लिहा. महिन्याच्या टेपवर जे गेलं ते गेलं, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

प्रश्न : न्यू जर्सीहून लिहितोय, अंक आई पाठवते. ऑफिसात सर्व्हर, ओएस, ड्राइव्ह सगळंच नवीन घेतलं, एलटीओ-९. एक, जुन्या एलटीओ-६ टेपा घातल्या की ड्राइव्ह बाहेर फेकतो. दोन, नवीन टेप घातली की तासभर हँग होतो. ड्रायव्हर तीन वेळा बदलून झाला.

दोन्हीत ड्रायव्हर निर्दोष आहे. पूर्वी ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचायचा, म्हणजे एलटीओ-७ वर ५ ची टेप वाचता यायची. ८ पासून ते बंद झालं, एलटीओ-९ चा ड्राइव्ह ९ आणि ८ एवढंच ओळखतो. तुमच्या ६ च्या टेपांसाठी एलटीओ-६ किंवा ७ चा ड्राइव्ह लागेल. जुना ड्राइव्ह अजून ऑफिसातच कुठेतरी पडलेला असेल, तो कोणी उचलून नेण्याआधी शोधा.

आणि तो हँग नाहीये. एलटीओ-९ ची कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिची मापं घेतो, एक किलोमीटरहून लांब पट्टी आहे ती, १,०३५ मीटर. त्याला दोन तासांपर्यंत लागू शकतात, आणि प्रत्येक टेपला एकदाच. मध्येच वैतागून पॉवर काढलीत तर परत पहिल्यापासून. वीस टेपांचा खोका आणला असेल तर बॅकअपच्या रात्री फोडू नका, आदल्या आठवड्यात एकेक घालून ठेवा.